प्रोग्रामरची जागा

१३ जानेवारी १९९७
आलं! इंटरव्ह्यूचं पत्र आलं! गुरुवारी, बेळगावात, प्रोग्रामरसाठी. आई म्हणाली, "न्हाई झालं तर खानापूरचं स्थळ हायच." म्हणजे झालंच पाहिजे. कोर्सला एका कॉम्प्युटरवर आम्ही सहाजण—मुलं आधी बसायची, वेळ उरला तर मी. जे हातानं केलंच नाही, तेच विचारलं तर?

१५ जानेवारी
कोर्सची वही तीनदा वाचली. एकही ओळ डोक्यात राहत नाही.

१६ जानेवारी
बाबा सोबत आले. ट्रकांची पंक्चरं काढणारा माणूस, सणालाही दुकान उघडतो—आज बंद ठेवलं.
दोन तास बसवलं. मग आत बोलावलं. साहेबांनी कागद दिला—गोदामातल्या मालाची यादी काढायचा प्रोग्राम लिहा. लिहिला! एक चूक झाली, मीच शोधली, खोडून नीट केली. मान वर केली तर साहेब फोनवर. कागद तसाच बाजूला सारला.
"गोव्याच्या वाटेवरच्या रामनगरच्या ना? मराठी, कन्नड, कोकणी, सगळं येतं?"
"येतं सर. पण प्रोग्राम—"
"त्या जागेवर एका मुलाला घेतलंय. तुम्ही बाहेर फोनवर बसा. आवाज छान आहे."
बाहेर बाबा उभेच. "काय झालं गं?"
"घेतलं," म्हटलं. फोनवर बसायचंय, ते सांगितलंच नाही!

१७ जानेवारी
बाबांनी सगळ्या स्टँडवर सांगितलंय—"आमची तारा कॉम्प्युटरवर लागली!" इथनं रोज माणसं बेळगावला जातात. कुणी मला फोनपाशी बघितलं तर?

१९ जानेवारी
सांगायला दुकानापर्यंत गेले. बाबा ट्रकखाली, गुणगुणत होते. परत फिरले.

२० जानेवारी
सांगितलं. सगळं. बाबांनी पाना खाली ठेवला.
"तू लिवलेलं त्यानं वाचलंच न्हाई?"
"नाही."
रात्री बाबा जेवले नाहीत.

२१ जानेवारी
बाबा पहिल्या बसनं गेले. कुठं—आईलाही ठाऊक नाही. धुतलेला सदरा घालून गेलेत म्हणे. खानापूरला होकार द्यायला तर नाही? दुपार झाली. प्रत्येक बसला दारात जाते. अजून नाहीत.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बाबा बेळगावला गेले होते. साहेबापुढं बसून राहिले—"पोरीचा कागद वाचल्याबिगर उठत न्हाई." वाचायला लावलाच!
"समदं बरोबर हाय म्हणाला. जागा मात्र न्हाईच," बाबा म्हणाले. मग चपला काढता काढता, "दुसरीकडं कुठं अर्ज करायचा, ते सांग."