दुसरी पिशवी

३ मार्च

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या मोडलेल्या पायाची चौकशी, माझं रडगाणं मग. शहरभर ट्राम चालवणारी माझी भाची घरच्या जिन्यावरून पडली, हे वॉर्डात सगळ्यांना सांगून झालंय.

पोटातल्या जखमेतून फार रक्त गेलं, म्हणून ऑपरेशनआधी ते चढवायचं ठरलं. पिशवी अर्धी झाली असेल-नसेल, मला एकदम हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, खाट खडखडायला लागली. सिस्टरने धावत येऊन रक्त बंद केलं आणि पिशवी तपासायला पाठवली. मग ताप चढला आणि खाटेखालून जमीन अलगद निघून गेली.

मी नाटक कंपनीच्या कपडेपटात होते, पण त्याला छत नव्हतं. माझ्याच हातचे झगे दोरीवर वाऱ्याने फुगत होते, त्यांतून निळसर उजेड झिरपत होता, आणि मधून तुझी आई चालली होती, अनवाणी. गळ्यात मापाची टेप घालून मी तिच्या मागे. ती वळेना, घाईही करेना. अंग इतकं हलकं झालं होतं की आपण आजारी आहोत हेच आठवेना.

ताप उतरला तेव्हा मला वाईट वाटलं गं. दुसरी पिशवी नको, असं डॉक्टरीणबाईंना सांगितलंय. भीती वाटते म्हणाले. खरं तुला सांगते, ती पुन्हा दिसली तर मी मागे फिरेन याचा मला भरवसा नाही. आणि रक्त न घेता असंच विझत गेले, तरी वाट तीच.

तुझी मावशी


६ मार्च

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तू फोनवर येत नाहीस, म्हणून डॉक्टरीणबाईंशीच बोलले. रक्त तुझ्या गटाचंच होतं, त्यात जंतूही सापडले नाहीत. दुसऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काहींना मानवत नाहीत, मग अशी थंडी वाजून ताप येतो. त्यांना हे नवीन नाही. आता त्या पेशी गाळून काढलेलं रक्त सावकाश देतील. धाप लागली, कंबर दुखली, खाज सुटली, तर लगेच सांगायचं. रक्ताशिवाय ऑपरेशन त्या करणार नाहीत, आणि जखम पुन्हा वाहिली तर काही हातात राहणार नाही म्हणाल्या.

आता आईबद्दल. ती गेली तेव्हा माझे दुधाचे दातही पडले नव्हते. तिच्याबद्दल विचारलं की तू शिलाई मशीन जोरात चालवायचीस. ती तुला दिसली, याचा मला हेवा वाटला. पण तिच्या मागे जायचंच असेल, तर आधी ती कशी होती ते मला सांग, आणि ते एका पत्रात मावायचं नाही. मला आईची सवयच नाही मावशी, तुझी आहे.

प्लास्टरसकट रागावलेली,
खार


१९ मार्च

चि. खारीस आशीर्वाद, रागासकट.

घेतली दुसरी पिशवी. ऑपरेशनही झालं, टाके ओढतात, बाकी ठीक.

रक्त सुरू झालं तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं. डोळे मिटून मी वाट पाहिली. झगे नाहीत, वारा नाही. पोटावर, दंडावर गांधी तेवढ्या उठल्या. इतकी खाज, की कुठलं स्वप्न न् कुठलं काय. लगेच सांगितलं. त्यांनी रक्त थांबवलं, औषध दिलं, गांधी बसल्यावर पुन्हा सुरू केलं.

मग त्या उन्हात पडल्या पडल्या मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत तिच्यासाठी मी रडलेच नव्हते. सिस्टर धावत आली, नळीला हात घालून विचारायला लागली, काय होतंय. मी म्हटलं, “रक्ताचंच आहे, पण तुमच्या पिशवीतलं नाही.”

तर ऐक. तुझी आई हसायला लागली की तिला उचकी लागायची, आणि उचकी लागली की ती आणखी हसायची. तुझ्या बारशाला पाहुणे ताटकळत बसले, कारण तिला तुझं नावच धड उच्चारता येईना. शेवटी ते मी सांगितलं.

आज इतकंच, हात दुखतो. पाय जप. राग सावकाश उतरव, माया मात्र आहे तिथेच असू दे.

तुझी मावशी