शेला परत करायचा आहे

प्रिय दादा,

उद्या खंडेनवमी. आदिलाबादच्या आपल्या कापसाच्या जिनात उद्या सरकी काढायच्या रेच्याची पूजा आहे आणि पहिलं कुंकू लावायला मालकाने मला बोलावलंय. तुझ्या जागी! भादव्यात तापाने तू गेलास, त्यानंतर हे पहिलंच बोलावणं. म्हणून लिहायला बसलो. शाळेत मला उर्दूच शिकवलं, ही मराठी अक्षरं तू गिरवून घेतलीस. तेव्हा चुका निघाल्या तर तुझ्या.

तुझा उजवा हात गेला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. हंगाम सरत आला होता. चालत्या रेच्यात अडकलेला कापूस काढायला तू हात घातलास. आम्ही पट्टा उतरवून मशीन थांबवलं, तर तू विचारलंस, "कापूस खराब झाला काय रे?" काय माणूस होतास तू!

ज्या रेच्याने माणसाचं रक्त पाहिलं, त्याला त्याच माणसाने, नाहीतर त्याच्या घरच्याने कुंकू लावल्याशिवाय जिनात कोणी हात लावत नाही. मागच्या खंडेनवमीला तू डाव्या हाताने लावलंस. मालकाने सगळ्यांदेखत तुझ्या खांद्यावर शेला घातला, रेच्यावरची तुझी जागा मला दिली आणि तू मान तुकवलीस. तेव्हाच का नाही नको म्हणालास?

पुढे तू हाताची भरपाई, मुआवजा मागायला गेलास, तर मालक म्हणाले, "अब क्या बाकी रहा? शेला लिया ना सबके सामने?" आणि आपलीच माणसं माना डोलवत उभी राहिली. शेला घेतला की तक्रार मिटली, असं सगळेच मानतात. घरी मी चिडलो, तर तू उलट मलाच म्हणालास, "देल्ला मान काऊन वापस करू? लोक काय म्हनतीन?"

मग तोच शेला तू हातावरून असा घ्यायचास, की मनगटाखाली काही नाही हे कोणाला दिसू नये. मला त्याचा फार राग यायचा, दादा.

आता वहिनीने कचेरीत मुआवजा मागितलाय. बोलावणं आलं ते त्यानंतर लगेच. उद्या मीही शेला घेतला, की तिचंही तोंड बंद.

सकाळी तिने पेटीतून तुझा शेला काढून पुढ्यात ठेवला.

"भाऊजी, नवा घेऊ नका. हा वापस करा."

"काम गेलं तर?"

"मंग दोघं कापूस येचू."

तेव्हा ऐक. कुंकू मी लावीन, मशीनशी माझं वैर नाही. नवा शेला खांद्यावर पडू देणार नाही. तुझा शेला मालकापुढे धरून वहिनीचा मुआवजा सगळ्यांदेखत मागीन. धरताना दोन्ही हात पुढे करीन. माझे अजून दोन्ही आहेत.

तुझा,
नामा