गर

१ जुलै २००४
आज नोकरीचा पहिला दिवस, परळला. संपापर्यंत आमच्या ह्यांनी जिथे माग चालवला, त्याच आवारात आता काचेची प्रयोगशाळा. तिथे मी, जाईबाई, या वयात बशा-बाटल्या धुवायला. मजा आली. लिफ्टमध्ये आरसा आहे. पोरी त्यात केस सारखे करतात आणि स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवतात. मोठ्या पद्मजा मॅडम म्हणाल्या, आजी, काही लागलं तर सांगा. मी म्हटलं, चहा लागतो.

३ जुलै
मॅडमनी भिंगातून दाखवलं. बशीत कोरफडीसारखा गर, पण इथेच बनवलेला. त्यात माणसाच्या कॅन्सरच्या गाठीतल्या जिवंत पेशी. मऊ गरात त्या गोल होऊन बसतात. कडक गरात लांबट होतात, चालू लागतात. अर्धा गर मऊ, अर्धा कडक असला, तर कडकाकडेच जातात. एवढ्यासाठी मॅडम परदेशात शिकल्या! माझ्या जावयाला गादीवरून उठवून लादीवर बसवला असता, तरी कळलं असतं.

६ जुलै
सकाळी विळीवर सुरमई कापताना बोट कापलं. कामावर बशीतला गार गर त्यावर थापला. कापलं-भाजलं की आम्ही कोरफडच लावतो. मॅडमना सांगितलं नाही. उगाच किंचाळल्या असत्या.

९ जुलै
जखम भरली. पण बोट लिबलिबीत झालंय, उजेडात धरलं की आरपार दिसतं. लेक दमयंती डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागलीय. तो गोळ्या देणार, दुसरं काय येतं त्याला? पण उजवा हात आहे. हा गेला तर नोकरी गेली, मग जावयाच्या घरी गप्प बसून जेवावं लागेल. गप्प! त्यापेक्षा मसण बरं.

११ जुलै
दुपारी डोळा लागला. उठले तर हात गादीवरून खाली उतरलेला. लादी धरून बसलेला. मी नाही ठेवला. ओढला तर सोडेना —

१२ जुलै
मॅडमना हात दाखवला, गर थापल्याचंही सांगितलं. म्हणाल्या, कापावा लागेल. कापा म्हटलं, जीभ शाबूत आहे तोवर मी कोणाला भीत नाही. आत त्या पेशींना कडक काय मिळणार, विचारलं. हाड, म्हणाल्या. आणि माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या —

इस्पितळ. तारीख माहीत नाही
डाव्या हाताने लिहितेय. उजवा गेला. पण मान गार — कानामागे सरपटतंय — वर, कवटीकडे —

सकाळ
नर्स येऊन गेली. किती गोड पोर. सगळेच किती चांगले —
गोड? मी कधी कोणाला गोड —
हे मी नाही लिहिलं. दमे, ही मी नाही — ही —
जेवण छान होतं. मी गप्प बसून जेव—