चंद्रावरची सोलापुरी चादर

बुलढाणा,
श्रावण वद्य षष्ठी

गोपाळभावजींना जयमालावहिनीचा नमस्कार आणि आशीर्वाद (तुमच्यापेक्षा मी मोठी की धाकटी, हे माझ्या लग्नापासून ठरलेलं नाही, म्हणून दोन्ही पाठवते). पुण्यात सगळे खुशाल असाल. सुचिताची पाठ आता तिला वाकू देते का? इराची परीक्षा झाली का? आम्ही इथे सुखरूप आहोत. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही.

इथे तलावाजवळच्या बागेत एक चंद्र बसवला आहे. रेवती नावाच्या मुलीने घडवला. माणसाच्या दुप्पट उंच, पांढरा, आतून दिवा. खऱ्या चंद्राबरोबर रोज थोडा उजळावा, थोडा विझावा अशी सोय. समोर दगडी बाक आणि पाटी: ‘बसा. वेळ कुठे जातो ते पाहा.’ पहिल्याच दिवशी एका गृहस्थाने सगळीकडून फिरून विचारलं, “पण याच्यात टाईम कुठं दिसते?” तुमचे दादा निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी तिथे बसून लोकांना अर्थ समजावतात. (घरी ते तेवढा वेळ नसतात, त्यामुळे ही कला माझ्या तरी उपयोगी पडली.) मग वानरांनी वायर ओढली आणि चंद्र पौर्णिमेवर अडकला. जावेद इलेक्ट्रिशियन पाहून गेला. “काकू, चंद्राचा फेज गेला,” म्हणाला, आणि चेहरा इतका गंभीर की मला हसता येईना.

अशात परवा संकष्टी आली. आभाळ सकाळपासून गच्च. आईंना साखरेच्या गोळ्या चालू, तरी दर संकष्टीला गच्चीवर चढून चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घास नाही. मी म्हटलं, कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ होऊन गेली. तर म्हणाल्या, “मंग कॅलेंडरले अर्घ्य देऊ का?” त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा दादा घाबरले. मोतीबिंदूमुळे आईंना धूसर दिसतं, म्हणून बागेतलाच चंद्र दाखवायचं त्यांनी ठरवलं. पण चतुर्थीला पूर्ण गोल कसा चालेल? ते माझी निळी सोलापुरी चादर घेऊन पुढे गेले, या वयात कठड्यावर चढले आणि चंद्राची एक कड झाकून आले. मागून मी आईंना वहाबभाईंच्या रिक्षातून नेलं. वहाबभाईंना सगळं ठाऊक होतं; वाटभर ते “ढग फाटून राह्यले, आई,” म्हणत होते. (खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात.)

आईंनी हात जोडले, अर्घ्य दिलं, बाकावर बसून मोदकाचा घास घेतला. तेवढ्यात वारा सुटला आणि चादर सरळ आईंच्या मांडीवर. त्यांनी तिची शिवलेली किनार चाचपली.

“जयमाले, आपली चादर चंद्रावर काऊन गेली होती वं?”

“आई, चुकलं माह्यं,” दादा म्हणाले. “तुले चक्कर येईन म्हणून केलं.”

आई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मी गच्चीवर काई चंद्रासाठी नाई चढत. तिथून स्टँडचा रस्ता दिसते. गाडी आली का तिचे दिवे दिसतेत. गोपाळ उतरला असन, असं वाटते.”

भावजी, बाबा गेले तेव्हा तुम्ही उशिरा पोचलात, आणि दादा सगळ्यांदेखत “पाहुणा आला,” म्हणाले. तेरावा झाल्यावर तुम्ही निघालात, ते पुन्हा आला नाहीत. तुम्हा दोघांच्या मध्ये मी कधी पडले नाही. पण परवा दादांना आईंकडे पाहवत नव्हतं. ते चादरीची घडी घालत होते. घातली की मोडत होते, आणि पुन्हा घालत होते.

पत्र लांबलं, सांभाळून घ्या. इराला पापा.

तुमची वहिनी,
जयमाला

ता. क. आईंची काळजी करू नका. साखर ताब्यात आहे (परवाच्या पाच मोदकांनंतरही).

ता. क. २. थोडी करा. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन दसऱ्यानंतर ठरतंय. पट्टी सुटेल तेव्हा समोर तुम्ही असावं. खरं तर मला एवढंच लिहायचं होतं.

आणखी एक. हे पत्र दादांना न सांगता लिहिलंय, असं लिहिणार होते. पण मी चहा टाकायला उठले तेवढ्यात त्यांनी सगळं वाचलं. पाकिटावरचा पत्ता कुणाच्या अक्षरात आहे, ते एकदा पाहा.