समजून दिलेला अंगठा

मी, प्रतिभा कोंडाजी विधाते, वय छप्पन्न वर्षे, राहणार मखमलाबाद, नाशिक, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा नीट पोटात गेल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय माझे ऐकत नाहीत, जीभ अडखळते, डोके मात्र ठीक आहे. हे आधीच सांगते, कारण माझ्या माघारी या कागदावर पहिला हल्ला इथेच होणार. माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा सार्थक, आताच चारचौघांत म्हणून मोकळा झाला आहे, "आत्याला काय कळतंय, तिच्याकडून कोणी बी लिहून घेईल."

म्हणून नोंद करते. हा मजकूर मी मोबाईलवर, डाव्या हाताच्या एका बोटाने, अठरा दिवसांत टाईप केला. दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका केंद्रातल्या छायाताईंनी रोज त्याचे चित्रीकरण केले. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शहाण्या माणसाला एवढे पुरावे द्यावे लागत नाहीत, हे मला माहीत आहे.

कलम १. आईने, कै. साळूबाईने, माझ्या नावे केलेले दोन खोल्यांचे घर आणि पुढचे अंगण, जिथे बसून मी तीस वर्षे शेवंती निवडली, ते मी माझी भाची निकिता गोरक्ष विधाते हिला देते. सार्थकला काही देत नाही. का, ते पुढे आहे.

कलम २. आमच्याकडे भाऊबीज झाली की भाऊ बहिणीला साडी घेतो आणि बहीण वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडून देते. कोणी त्याला वाईट म्हणत नाही. उलट जी सोडत नाही तिचे माहेर तुटते. आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या भाऊबीजेला माझा थोरला भाऊ गोरक्ष, ज्याला मी आजही दादा म्हणते, माझ्यासाठी मोरपंखी साडी घेऊन आला. दिवाळीची सुट्टी संपून सरकारी ऑफिस उघडल्यावर मला रिक्षात घालून नोंदणीला घेऊन गेला. मी सही करते म्हणाले. तो कारकुनाला म्हणाला, "तिच्या सहीला लय टाइम लागतो साहेब, अंगठाच घ्या." मी अंगठा दिला.

मला फसवले असे मी कधीच म्हणणार नाही. कागद मी वाचला होता. मग का दिला? बाकी साऱ्या बहिणींना हे विचारतात, मला आयुष्यात कोणी काही विचारले नव्हते. दादाने मला इतर बहिणींसारखी बहीण धरले, याचाच मला आनंद झाला. चूक म्हणा, वेड म्हणा. माझी होती.

जमीन दादाला मिळाली, पण घर माझ्या नावे राहिले. दोन वर्षांनी दादाने सरकारी समितीकडे अर्ज केला, की बहिणीला व्यवहार कळत नाही, सबब मला तिचा कायदेशीर पालक नेमावे. आमच्यासारख्यांचा पालक नेमायचा की नाही, हे ठरवणारी ही समिती. मला नोटीस आली तेव्हा छायाताई म्हणाल्या, "ताई, तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय ते ठरवू शकत नाहीत. तुम्ही यायचंच." मी मोरपंखी साडी नेसून गेले.

माझे बोलणे नवख्याला कळत नाही. निकिताला कळते, म्हणून मी एक शब्द बोलायची आणि ती तो मोठ्याने सांगायची. समोर तिचे वडील बसले होते. एकही शब्द तिने बदलला नाही.

छायाताईंनी हक्कसोडीची नक्कल पुढे केली. समितीच्या मॅडमनी दादाला विचारले, "हा कागद केला तेव्हा यांना समजत होतं?"

दादा पेचात पडला. नाही म्हणावे तर जमीन जाते. हो म्हणावे तर अर्ज कशाचा? शेवटी म्हणाला, "तवा कळत होतं. आता नाय कळत."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "प्रतिभाताई, अंगठा समजून दिला होता का?"

निकिता माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. नाही म्हटले असते तर वडिलांच्या मळ्यातला माझा वाटा कदाचित परत आला असता, पण माझ्या नावापुढे "समजत नाही" कायमचे लागले असते. माझे अंग इतके आखडले की खुर्ची हलली. पाणी प्यायले, सांडले. मग म्हणाले, "समजून दिला. आजही समजतं."

अर्ज फेटाळला गेला. मळा गेला तो गेलाच. त्या दिवसापासून निकिताला तिच्या घरी कोणी, सख्खा भाऊ सार्थकही, जेवायला हाक मारत नाही, ती माझ्याकडे राहते. म्हणून घर तिचे.

कलम ३. मोरपंखी साडीही निकिताला. तिच्यापुढेही एक दिवस भाऊबीजेनंतरचा कागद येईल. तो तिने ही साडी नेसून, बसून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. सही करायची की नाही ते तिने ठरवावे. मी ठरवणार नाही. दुसऱ्याने आपल्यासाठी ठरवलेले किती झोंबते हे मला ठाऊक आहे.

कलम ४. व्हीलचेअर आणि फुले निवडायची उंच चौकी छायाताईंच्या केंद्राला. डावे चाक कुरकुरते, तेल घालावे.

कलम ५. दादाविषयी. त्याच्यावर माझा राग आहे आणि तो मी सोबत नेणार. पण चौथीपर्यंत त्यानेच मला पाठीवर घेऊन शाळेत नेले. मी अक्षरे शिकले ती त्याच्या पाठीवरून जाऊन, आणि त्याच अक्षरांनी आज त्याच्या घराला दूर ठेवते आहे. याचे मला वाईट वाटते. माझ्या तिरडीला पहिला खांदा त्याचा असावा. नाही म्हणाला तर आग्रह करू नये.

निकिताला लाभ मिळत असल्याने ती साक्षीदार नाही. सही होत असताना ती बाहेर अंगणात थांबली आहे.

ठिकाण : मखमलाबाद, नाशिक
दिनांक : १४ जुलै २०२५

(सही) प्रतिभा कोंडाजी विधाते

साक्षीदार :
१. छाया दत्तात्रय जेजुरकर, नाशिक रोड
२. महेश रामनाथ थोरात, शेजारी, मखमलाबाद

आम्ही दोघे लिहून देतो की वरील सही प्रतिभाताईंनी आमच्यासमक्ष स्वतःच्या हाताने केली. त्यांचा हात कोणी धरला नाही. सहीला अकरा मिनिटे लागली. आम्ही थांबलो.