चंदनाची माळ

५ जानेवारी, रविवार

चित्रकलेचा पहिला वर्ग. चोपन्नाव्या वर्षी! शिकवणारी तूबा, नववीत माझ्याकडे संस्कृत शिकलेली. तिला तेव्हा 'देव' चालवता येत नव्हता, मला आता सरळ रेघ ओढता येत नाही. "गुरुजी, हात सैल सोडा. धातुरूपं लिहून राहिलात जणू!" सगळा वर्ग हसला. मीही.

१२ जानेवारी, रविवार

आठवणीतला चेहरा काढायचा होता. पोरींनी आया काढल्या. माझ्या कागदावर अण्णा उतरला — थोरला भाऊ, पटका, मिशी सगळं घेऊन. "बोलवा की एकदा त्यांना," तूबा म्हणाली. हसून टाळलं.

इथं लिहितो. लातूरचं घर बांधलं तेव्हा अण्णा शिरूर अनंतपाळहून रंगाचे डबे घेऊन आला. पोळ्याला गावातल्या बैलांची शिंगं रंगवणारा हात तो! फाटकाजवळच्या भिंतीवर दोन दिवस खपून बैलजोडी काढली. आणि मी, कालिदास तोंडपाठ असलेला रसिक, महिन्याभरात तिच्यावर पांढरा रंग फासला. शेजारी काय म्हणतील म्हणून. दिवाळीला अण्णा आला, भिंत बघितली, तांब्याभर पाणी प्यायला आणि उभ्या उभ्या परत गेला. सहा वर्षं झाली. बोललेला नाही.

१९ जानेवारी

नाक जमेना. तरी तूबा म्हणते, प्रदर्शनात लावायचंच. अण्णाला फोन केला, उचलला नाही. मग पत्र टाकलं. "संस्कृतात लिहू नका म्हणजे झालं," बायको म्हणाली.

२४ जानेवारी

चित्र फ्रेमला दिलं. फ्रेमवाले लालमहंमदभाई उद्या परस्पर प्रदर्शनाच्या हॉलवर पोचवणार. चित्र बघून हळू आवाजात म्हणाले, "बहोत अच्छे आदमी दिसतायत." खूश झालो. गाढवच मी!

२५ जानेवारी, शनिवार

शाळा उरकून हॉलवर गेलो तर अण्णाच्या चित्राला चंदनाची माळ! खाली कुणीतरी उदबत्तीही लावलेली. येणारे चपला काढून हात जोडून राहिले.

लालमहंमदभाईंना फोन केला. "गुरुजी, एवढ्या मापात म्हातारं माणूस आमच्याकडे वारल्यावरच येतं. विचारायचं कसं? माळ आमच्याकडून." पैसे घेतले नव्हते बिचाऱ्यांनी. रागावणार कुणावर?

तेवढ्यात बायकोचा फोन. चित्राचा फोटो गावच्या ग्रुपवर पोचलाय, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. माणसं अण्णाच्या दारात जमली. अण्णा हरभऱ्याला पाणी देत होता!

संपलं. होती नव्हती ती आशाही गेली.

२६ जानेवारी, रविवार

अकरा वाजता हॉलच्या दारात अण्णा. पटका तोच, मिशी तीच. चपला काढून उभी असलेली एक बाई किंचाळली.

सरळ चित्रापुढे गेला. बराच वेळ बघितलं.

"मेल्यावर नाक लांबतंय व्हय रं?"

सहा वर्षांनी पहिलं वाक्य. "चुकलं, अण्णा."

"नाकाचं म्हंतोस का भिंतीचं?"

"दोन्हीचं."

अण्णाने माळ उतरवली, गुंडाळून खिशात घातली. तूबाला म्हणाला, "पोरी, ह्याला जरा कडक शिकीव." आणि बसस्टँडकडे चालू लागला. चहाही घेतला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

वर्गाला दांडी. सकाळी उठलो तर फाटकाजवळ अण्णा, रंगाचे डबे घेऊन. मला वाटलं, बैल. दुपारी बघतो तर भिंतीवर चष्मा, टक्कल, हे एवढं लांब नाक — मीच! "बैलच म्हणा की," बायको म्हणाली. अण्णाने शेवटी चित्रातले डोळे रंगवले, लांब उभं राहून बघितलं, खिशातून माळ काढली. "रेवण, खिळा आन रं."

खिळा शोधून राहिलोय.