पडद्याआडचा दिवा

डेट्रॉइट, १४ एप्रिल

प्रिय लू,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? मी ठणठणीत. रविवारी चर्चमध्ये मक्याचा पाव नेला होता, पाद्रीबुवांनी तीनदा मागून घेतला. ह्यूस्टनला तुझ्या जिभेचे हाल असतील, म्हणून मुद्दाम कळवते.

आईच्या माघारी माझ्या शेजारचं तिचं घर तुझ्या नावावर झालं आणि तू जो गेलास तो गेलासच. मी गवत कापलं, पडदे बदलले, माझी गाडी तुझ्या दारात लावली, संध्याकाळी आपोआप लागणारा दिवा बसवला. घर ओस दिसलं की आधी तांब्याचे पाइप चोरणारे येतात, मग पालिकेचे पाडणारे. दर नाताळला तुला फोटो पाठवायचे ते रस्त्यावरून काढलेले. मागची भिंत फुगली होती, ती कधी दाखवली नाही.

मार्चमध्ये तुझ्या घरामागच्या गॅरेजला आग लागली. बंबवाल्यांनी दिवा पाहिला, दारात गाडी पाहिली आणि आत माणसं असणार म्हणून दार फोडून शिरले. मी धावत पोचले तोवर एकजण जमिनीच्या कुजक्या फळ्यांतून मांडीपर्यंत खाली गेला होता. पाय मुरगळण्यावर निभावलं. पायरीवर बसवून मी त्याला पाणी दिलं.

"आजी, आत राहतं कोण?"

"कुणी नाही रे बाबा."

"मग दिवा कुणासाठी?"

"भावासाठी."

वाटलं, आता खेकसेल. पण पाय चोळत म्हणाला, "भावाला एकदा कळवा तरी."

म्हणून कळवते. आगीमुळे घर पाडायचं की ठेवायचं, याची मंगळवारी पालिकेत सुनावणी झाली. तुझ्या वतीने मीच गेले, सहीचा अधिकार तू मला दिलाच आहेस. तिथल्या अधिकारी बाई घराचे रस्त्यावरून काढलेले फोटो बघून म्हणाल्या, "घर राहतं दिसतंय, दुरुस्तीला मुदत देऊ या." नुसती मान हलवायची होती, लू. मी म्हटलं, "तिथं कुणी राहत नाही. पाडून टाका."

चिडलास तर चीड, मोठी आहे, ऐकून घेईन. पण मी घर इतकं नटवलं की शहर फसलं आणि तूही फसलास. घर आहेच, जाऊ कधीतरी, असं तुला वाटत राहिलं. मला तुझी फार आठवण येते रे. घरासाठी नको, माझ्यासाठी ये.

पुढच्या महिन्यात पाडतील. दिवा काढून आणलाय, माझ्या मागच्या खोलीत, तुझ्यासाठी घातलेल्या पलंगाशी ठेवलाय. आता तो आपोआप लागत नाही. रोज मीच लावते.

तुझी शेजारीण नव्हे, बहीण,
ओडेसा